हीट पंपाच्या ग्रँटच्या नावाखाली आमचे ६,८८० पौंड गेले

आधी आकडा सांगते. ६,८८० पौंड. हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत आणून घर गरम करणारं विजेचं यंत्र, बसवून देतो म्हणत एका माणसाने ते घेतले. त्यात २४० सर्व्हेचे, ३,६९० डिपॉझिटचे आणि २,९५० 'ग्रँटच्या सुरक्षा ठेवीचे'. एक पेनीसुद्धा परत आलेली नाही. दोन महिने मी हे लाजेपोटी कुणाला सांगितलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीने विचारलं, "बसला का गं तुमचा हीट पंप?" मी म्हटलं, "चाललंय काम." त्यावर ती म्हणाली, "आमच्याकडेही तोच माणूस शनिवारी येतोय." तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं खरं सांगितलं. तिचे पैसे वाचले. तुमचेही वाचावेत म्हणून लिहिते आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. आमचा गॅस बॉयलर सोळा वर्षांचा होता आणि २०२४च्या ऑक्टोबरात दोनदा बंद पडला. आई दिवाळीसाठी साताऱ्याहून आली होती, तिचे गुडघे थंडीने आखडलेले. नवरा कामासाठी सहा आठवडे भारतात. इंग्लंड-वेल्समध्ये बॉयलर काढून हीट पंप बसवायला सरकार ७,५०० पौंड देतं, ही गोष्ट खरी आहे. २०२३च्या ऑक्टोबरात ती रक्कम ५,००० वरून वाढवली, हे मी बातम्यांत पाहिलं होतं. त्यामुळे याच ग्रँटमधून हीट पंप बसवून देऊ म्हणणारं एका कंपनीचं निळं पत्रक दारात पडलं, त्यावर मी विश्वास ठेवला.

आणि मी डोळे मिटून विश्वास ठेवला नाही, हेही सांगते. पत्रकावरचा एमसीएस नंबर, म्हणजे हीट पंप बसवणाऱ्या कंपन्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा नोंदणी क्रमांक, मी एमसीएसच्या साइटवर टाकून पाहिला. कंपनी सापडली, नाव जुळलं. पण ते नाव आणि तो नंबर दुसऱ्याच एका प्रामाणिक कंपनीचे होते, यांनी चोरून छापले होते. साइटवरचा फोन नंबर वेगळा होता आणि मी तो ताडून पाहिला नाही. तुम्ही साइटवरच्याच नंबरावर फोन करा, पत्रकावरच्या नव्हे.

माणूस आला तो गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. हिंदीत बोलला, आईची चौकशी केली, चहा घेतला. वीस मिनिटांत 'सर्व्हे' उरकून २४० पौंड घेऊन गेला. तो गेल्यावर आई म्हणाली, "याने ना खोल्या मोजल्या, ना खिडक्या. मापं न घेता शिंपी कपडा कसा शिवणार?" मी तिलाच गप्प केलं. म्हटलं, इथली पद्धत वेगळी असते. इथली पद्धत तर अशी आहे की प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब केल्याशिवाय पंपाचा आकारच ठरत नाही. एकही टेप न काढणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कोटेशन आलं: १२,४०० पौंड, वर २० टक्के व्हॅट २,४८०, एकूण १४,८८०. त्यातून ग्रँट वजा, उरले ७,३८०, त्याचं निम्मं डिपॉझिट. मी पंधरा वर्षं पगार आणि हिशेबाच्या कामात आहे. एप्रिल २०२२ पासून घरगुती हीट पंप बसवण्यावर व्हॅट शून्य आहे, आणि तो २० टक्क्यांचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. क्रेडिट कार्डाने देते म्हटलं, तर म्हणाला, कार्डावर तीन टक्के जास्त पडतील. ग्राहकाच्या कार्डावर असा आकार लावायला या देशात २०१८ पासून बंदी आहे. थोडी जरी रक्कम क्रेडिट कार्डाने दिली असती तरी ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली सगळ्याच रकमेसाठी कार्ड कंपनीला धरता आलं असतं. कार्ड पर्समध्येच होतं.

आता १४ नोव्हेंबरची रात्र. डिपॉझिट पाठवायला बँकेच्या ॲपवर त्याने दिलेल्या खात्याचे आकडे भरले आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं: तुम्ही दिलेलं नाव या खात्याच्या नावाशी जुळत नाही. मी थांबले. नक्की थांबले, कारण मी त्याला फोन केला. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. पहिल्याच रिंगला उचलून तो म्हणाला, "ते आमच्या ग्रुपचं अकाउंट्स खातं आहे, सगळ्यांना असंच दिसतं. आज नाही केलंत तर तुमचं ग्रँटचं व्हाउचर दुसऱ्याला जाईल." वरच्या खोलीत आई दोन गोधड्या घेऊन झोपली होती. मी 'पुढे जा' दाबलं. ती लाल अक्षरं मला आजही झोपू देत नाहीत. ज्याच्याकडून पैसे मागताहेत त्यालाच मी खात्री विचारली.

सोमवारी, १८ तारखेला, दोघं येऊन बॉयलर काढून घेऊन गेले. गॅसचं काम करायची नोंदणी दाखवणारं गॅस सेफचं कार्ड मी मागितलं नाही. संध्याकाळी २,९५० मागितले, 'तुम्ही मध्येच माघार घेऊ नये म्हणून ठेव, व्हाउचर वटलं की परत.' असली कुठलीही ठेव योजनेत नाही. ग्रँटसाठी अर्ज बसवणारी कंपनी करते, पैसे ऑफजेमकडून, म्हणजे ही योजना चालवणाऱ्या सरकारी ऊर्जा नियामकाकडून, थेट तिला मिळतात आणि आपल्या बिलातून आधीच वजा होतात. मधे ऑफजेम घरमालकाला ईमेल करून संमती विचारतं. तो ईमेल आला नसेल तर अर्जच झालेला नाही असं समजा. 'गर्दी आहे, उशीर होतोय' हे त्याचं उत्तर मी मान्य केलं. सचोटीने काम करणारे कंत्राटदार एकूण किमतीच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेत नाहीत. आमच्याकडून ४५ टक्के घेतले, एक पाईप न जोडता. शुक्रवारी फोन बंद.

त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. घरात दोन विजेचे हीटर, आंघोळीला किटलीतलं पाणी. आईला खोकला धरला. तिकीट बदलायचे १६५ पौंड भरून तिला डिसेंबरच्या मध्यात परत पाठवली. जानेवारीत २,६४० पौंडांना पुन्हा गॅस बॉयलरच बसवला. तो बसवणाऱ्याने सांगितलं, उघडी गॅसची नळी नीट बंदसुद्धा केली नव्हती. सात आठवडे आम्ही तशा घरात झोपलो.

आणि ज्यांच्याकडे दाद मागायची, त्यांनी काय केलं? ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे, फसवून ट्रान्सफर करून घेतलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत बँकांनी परत द्यायचे. आमच्या बँकेचं उत्तर: "तुमच्या घरी काम सुरू झालं होतं, त्यामुळे हा ग्राहक आणि व्यावसायिकातला वाद आहे, फसवणूक नाही." चोरांनी बॉयलर उचलून नेला, ते यांच्या लेखी काम सुरू होणं! चार फोन, चार वेगळी माणसं, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. एकदा ५२ मिनिटं संगीत ऐकून फोन कट. पोलिसांकडे तक्रार नोंदवली, खाते क्रमांक, गाडीचा नंबर, दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण, सगळं तयार ठेवलं. कुणी चित्रण मागितलंसुद्धा नाही. पत्र आलं: तपासासाठी पुरेसे धागे नाहीत. मग आणखी काय हवं होतं, त्याच्या घरची किल्ली? एका कार्यालयाने सांगितलं, कंपनी आमच्याकडे नोंदलेली असती तर कारवाई केली असती. नोंदलेली नाही म्हणून तर फसवलं! काऊन्सिलने हेल्पलाइनकडे पाठवलं, हेल्पलाइनने सांगितलं काऊन्सिलला कळवतो, आणि पुढे कुणाचा फोन नाही. प्रत्येकाने सहानुभूती दाखवून एक तक्रार क्रमांक दिला. माझ्या वहीत असे सात क्रमांक आहेत.

बँकेचं अंतिम उत्तर लेखी मागून घ्या, तोंडी नकारावर थांबू नका. त्या पत्रापासून सहा महिन्यांत बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या फायनान्शिअल ऑम्बड्समनकडे जाता येतं, फी लागत नाही. आमची फाइल तिथे दिली आहे. खात्याचं नाव जुळत नसल्याची सूचना मला दिसली होती, हे मी त्यात लपवलेलं नाही.

मैत्रिणीने शनिवारची भेट रद्द केली. त्याच निळ्या पत्रकावर तिच्याकडे कंपनीचं नाव वेगळं आहे, फोन नंबरचे शेवटचे चार आकडे मात्र तेच. तुमच्या दारात असं पत्रक पडलं असेल तर फेकू नका, फोटो काढून ठेवा.