कामगार कार्यालयातील समेटाची सेवा: आमचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला 2022 साली मराठवाड्यातील एका कारखान्यातून, सहा वर्षांच्या नोकरीनंतर, ‘उद्यापासून येऊ नको’ एवढ्या तोंडी शब्दांवर काढून टाकण्यात आले. त्यानंतर आम्ही सरकारी कामगार कार्यालयात अर्ज केला. त्या सेवेविषयी मुद्दाम लिहीत आहे, कारण वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या कारखान्यांत खेड्यांतून आलेले अनेक कामगार अशा कार्यालयात आमच्यासारखीच चुकीची अपेक्षा घेऊन जात असावेत.

साहेब मालकाला बोलावतील आणि भावाला कामावर घेण्याचा हुकूम देतील, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात, तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार अशा प्रकरणात ते समेट अधिकारी असत. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तोडगा काढण्याचा प्रयत्न करणे हे त्यांचे काम होते आणि निवाडा देणे हे कामगार न्यायालयाचे. हे आम्हाला तिसऱ्या तारखेला कळले, तेही बाकावर शेजारी बसलेल्या एका युनियनच्या कार्यकर्त्याकडून. अर्ज घेतानाच हे सांगायला हवे होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. समेटाची कार्यवाही 14 दिवसांत आटोपावी, असे कायदा सांगत होता. आमची तीन महिने चालली. कंपनीचा प्रतिनिधी दोनदा आला नाही. त्याला हजर राहण्यास भाग पाडण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना होता, तरी दोन्ही वेळा फक्त पुढची तारीख मिळाली, आणि प्रत्येक तारखेला भावाचा रोज बुडाला.

मात्र अधिकारी बसले तेव्हा त्यांनी कायदा नेमका मांडला. कामगारकपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे भावाच्या बाबतीत 90 दिवसांचा, देणे बंधनकारक आहे, हे त्यांनी कंपनीच्या माणसाला शांतपणे समजावले. कंपनी तयार झाली. समेटपत्रावर अधिकाऱ्यांसमोर सह्या झाल्या. त्याप्रमाणे पैसे न दिल्यास ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येत असल्याने त्या कागदाला वजन होते.

रक्कम खात्यावर आली, नोकरी परत मिळाली नाही. ज्याला नोकरीच हवी होती, त्याला अर्जापासून 45 दिवस उलटल्यावर थेट कामगार न्यायालयात जाता येत होते. अर्जाची शिक्क्याची पोच आम्ही सुदैवाने जपून ठेवली होती, पण हा मार्ग कार्यालयातील कोणीही आम्हाला सांगितला नाही.