ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे सभासदत्व: 16 महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मिनेसोटाच्या दक्षिण भागातील शेतीपट्ट्यात आम्ही घर घेतले, तेव्हा वीजजोडणीच्या अर्जासोबत वीज पुरवणाऱ्या सहकारी संस्थेच्या सभासदत्वाचा अर्जही भरून द्यावा लागला. श्रीरामपूर तालुक्यात सोसायटी, साखर कारखाना आणि दूध संघ यांच्या सभासदांमध्ये लहानाची मोठी झालेल्या मला अमेरिकेत विजेसाठीही सभासद व्हावे लागेल, असे कधी वाटले नव्हते. त्याला आता 16 महिने झाले आणि मधल्या काळात दोन हिवाळे गेले. संस्थेचे नाव देत नाही. अमेरिकेत ग्राहक-सभासदांच्याच मालकीच्या अशा सुमारे 900 संस्था आहेत आणि कारभाराची मूळ पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे.

पहिला खटका स्थिर आकारावरून उडाला. आम्ही महिनाभर भारतात होतो, घर बंद होते, तरीही बिलात 43 डॉलर केवळ जोडणीचे लागले होते. मी तावातावाने कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारले, "तुमच्या घरापासून शेजारचे घर किती लांब आहे?" ते पाऊण मैलावर आहे. ग्रामीण सहकारी संस्थांना तारांच्या दर मैलामागे सरासरी आठच ग्राहक मिळतात, तर मोठ्या खासगी कंपन्यांना तिसाच्या पुढे मिळतात. खांब, रोहित्रे, तारांवर येणाऱ्या फांद्यांची छाटणी आणि बर्फाच्या वादळात रात्री बाहेर पडणारे वायरमन यांचा खर्च मात्र आम्ही दिवा लावला काय किंवा न लावला काय, तेवढाच राहतो. करोनानंतर रोहित्रांच्या किमती भरमसाट वाढल्या आणि मागणी नोंदवल्यावर ती हाती यायला वर्षाहून अधिक काळ लागू लागला, त्याचाही बोजा याच आकारावर पडतो. हे सगळे पटले. तरीही कमी वीज वापरणाऱ्या एकट्या वृद्ध सभासदाला हा आकार अधिक जड जातो, हा माझा आक्षेप कायम आहे.

बिलाचा मोठा भाग मात्र संस्थेच्या हाती नसतोच. तिच्या खर्चातील निम्म्याहून अधिक रक्कम घाऊक वीजखरेदीवर जाते, आणि ही खरेदी अनेक संस्थांनी मिळून उभारलेल्या निर्मिती संस्थेकडून दीर्घ मुदतीच्या कराराने करावी लागते. तिकडे भाव चढला की आमच्या बिलात समायोजन आकाराची ओळ उमटते. महाराष्ट्रातील वाचकांना इंधन समायोजन आकार परिचित आहे, तोच हा प्रकार. ही साखळी किती ताणली जाऊ शकते, हे टेक्सासमध्ये दिसले. फेब्रुवारी 2021 च्या थंडीच्या लाटेनंतर ब्राझोस इलेक्ट्रिक या निर्मिती संस्थेवर सुमारे 2.1 अब्ज डॉलरचे देणे आले आणि 1 मार्च रोजी तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

बिल कमी करण्याचा जो उपाय आम्हाला खरोखर लागू पडला, तो पाण्याच्या टाकीचा. संस्थेने सवलतीत दिलेली मोठी टाकी फक्त रात्री 11 ते सकाळी 7 या वेळेत तापते, आणि त्या युनिटांचा दर नेहमीच्या दराच्या जवळपास निम्मा आहे. यात संस्थेचाही स्वार्थ आहे. तिला युनिटांबरोबरच महिन्यातील सर्वोच्च मागणीचेही (एकाच वेळी सर्वाधिक वीज ओढली जाते, तेव्हाच्या भाराचेही) पैसे मोजावे लागतात, त्यामुळे संध्याकाळचा भार रात्रीवर ढकलला की सर्वांच्याच बिलावरचा ताण हलका होतो. पाहुणे आले असताना दोनदा गार पाण्याने आंघोळ करण्याची वेळ आली, एवढीच तक्रार. वर्षाच्या बिलांची सरासरी काढून दरमहा सारखी रक्कम भरण्याची सोयही आहे. ती आम्ही घेतली नाही.

परतीच्या ठेवीबाबत मात्र मी समाधानी नाही. खर्च भागून उरलेली रक्कम ज्याच्या त्याच्या बिलाच्या प्रमाणात सभासदाच्या खात्यावर मांडली जाते, पण ती हाती पडायला 15-20 वर्षे लागतात आणि तोवर संस्था ती भांडवल म्हणून बिनव्याजी वापरते. उसाच्या बिलातून ठेवी कापून घेणाऱ्या कारखान्यांची आठवण यावी, असाच हा मामला आहे. कर्ज काढले तर व्याज आमच्याच बिलात येईल, हे संस्थेचे उत्तर बरोबर असले तरी परतफेडीचे वेळापत्रक छापून देण्यास काय हरकत आहे, हे मला कळलेले नाही.

आमच्या श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा ही सहकारी वीज संस्था याच अमेरिकी नमुन्यावर उभी राहिली होती. घाऊक वीजखरेदीची थकबाकी डोंगराएवढी झाली आणि फेब्रुवारी 2011 पासून तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. तिच्याच पिढीतील कर्नाटकातील हुक्केरीची संस्था अजून चालू आहे. इथे अमेरिकेत घाऊक दर वाढला की तो बिनबोभाट सभासदाच्या बिलावर येतो. मुळा-प्रवरेत शेतीपंपांच्या बिलांना हात लावणे कोणालाच सोपे नव्हते.

वार्षिक सभेला मी गेले होते. जेवण उत्तम होते, सोडतीत शेजाऱ्याला एक अवजारपेटी लागली, दरवाढीवर तीनच प्रश्न आले आणि संचालकांच्या निवडीसाठी एका सभासदाला एकच मत होते. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या. पुढच्या सभेसाठी ठेवींच्या वेळापत्रकाचा प्रश्न मी लेखी पाठवला आहे. अशा भागात घर घेणाऱ्यांनी आधीच्या मालकाकडून जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांची बिले मागून घ्यावीत आणि त्यांतील स्थिर आकार वेगळा काढून पाहावा.