महिनाअखेरचं बक्षीस: गाडीवरचा वडापाव की घरचा शिरा?

पगाराला आठवडा बाकी, आणि नेमके तेव्हाच पोराला गणितात चांगले मार्क पडतात. शाबासकी तर द्यायलाच हवी.

गाडीवरचा वडापाव बऱ्याच ठिकाणी १५-२० रुपयांना मिळतो. चौघांचे ८० धरा. पण एकावर कोण थांबतं? मात्र सगळ्यांनी मिळून बाहेर पडणं, कढईतून नुकताच निघालेला वडा, सुकी लाल चटणी, तळलेली मिरची, बक्षिसाची अर्धी मजा तिथेच. शिवाय रोज ओट्याशी उभं राहणाऱ्याला एक संध्याकाळ सुट्टी. ही बचत कुणी हिशेबात धरत नाही.

शिरा स्वस्त वाटतो, कारण रवा-साखर डब्यातच असते. वाटीभर रव्याला अर्धी वाटी साजूक तूप घातलंत, तर खरा खर्च तुपाचाच. चौघांचा शिरा साठ-सत्तर रुपयांच्या आसपास जातो, म्हणजे फरक फारसा नाहीच. तूप कमी केलं तर तो कोरडा होतो आणि पोराला ते बक्षीस वाटत नाही. उरला तर सकाळच्या डब्याची सोय होते, एवढं खरं.

माझं मत वडापावाला. मोजून चार घ्यायचे, चहा घरी येऊन. शिरा पाहुण्यांसाठी राहू दे.