तवा बिडाचा घ्यावा, लोखंडी की नॉनस्टिक?

दुकानात तिन्ही तवे शेजारी शेजारी टांगलेले असतात आणि दुकानदार बहुतेक वेळा नॉनस्टिकच पुढे करतो. पण तवा ठरवायचा तो त्यावर रोज काय होणार आहे आणि त्यासाठी आच किती लागणार आहे, हे बघून.

घावन, आंबोळी, थालीपीठ घरात नेहमी होत असेल तर मी बिडाच्याच तव्याचा आग्रह धरेन. तो जड असतो, तापायला वेळ घेतो. पण एकदा तापला की पळीभर गार पीठ पडलं तरी थंड पडत नाही. घावनाला सुरेख जाळी पडते ती याच धगीमुळे. नवा तवा मात्र आधी तयार करावा लागतो. धुऊन अगदी कोरडा करायचा, तेलाचा पातळ हात फिरवायचा, धूर येईपर्यंत तापवून गार होऊ द्यायचा. असं तीन-चार वेळा करायचं. तेल जास्त झालं तर वर चिकट थर बसतो, म्हणून तेल लावून झाल्यावर फडक्याने पुसूनच घ्यावं. पुढे रोजच्या वापरात नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला की पुरतं. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका, तडा जातो. हातातून पडला तरी फुटू शकतो. काचेच्या शेगडीवर हे वजन स्टँडवर अलगद टेकवायचं, आणि उतरवलेला गरम तवा काचेवर कधीच ठेवायचा नाही.

रोज पोळ्या करणाऱ्यांना लोखंडी तवा बरा. पत्र्याचा असल्यामुळे लवकर तापतो आणि आच कमी केली की लवकर निवतोही, म्हणून दहाव्या पोळीपर्यंत हाताचा अंदाज चुकत नाही. घेताना पत्रा जाड बघा. बर्नरची ज्योत गोल कड्यासारखी येते. पातळ तव्यावर त्या कड्याचा चट्टा पोळीवर उमटतो आणि कडा कच्च्या राहतात. भाकरीलाही जाड लोखंड छान चालतं: वरून फिरवलेलं पाणी सुकत आलं की उलटायची, खालून नीट भाजू द्यायची. फक्त लोखंड ओलं राहिलं की गंजतं, म्हणून धुतल्यावर क्षणभर गॅसवर ठेवून कोरडं करा.

नॉनस्टिकला मी भाकरी-पोळीसाठी साफ नकार देते. त्याचा लेप साधारण 260 अंश सेल्सियसच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामा ठेवलेला तवा काही मिनिटांतच तिथे पोचतो. त्यातून निघणारी वाफ घरात पाळलेल्या पोपटाच्या जिवावर बेतू शकते. ऑम्लेट, धिरडं, कमी तेलातलं काही मंद किंवा मध्यम आचेवर करायचं असेल तर जरूर घ्या, पण उलथणं लाकडी ठेवा आणि लेप सोलवटला की तवा बदला.

आता शेगडी. ज्योत तव्याच्या तळाखालीच राहिली पाहिजे. बाहेर आलेली आच वाया जाते आणि मूठ तापवते. बर्नरच्या मानाने तवा फार मोठा असेल तर उष्णता खाली परतून काच आणि बटणं तापतात. फुलका किंवा भाकरी थेट ज्योतीवर फुगवता ना? मग पिठी बर्नरच्या भोकांत बसतेच. ज्योत निळी सोडून पिवळी झाली, तव्याला काजळी धरू लागली, की भोकं तुंबली असं समजा. गार झालेला बर्नर काढून ब्रशने साफ करा, पूर्ण वाळवा, मगच बसवा.

सिलिंडरची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, बाहेरून चांगली दिसत असली तरी. वास आला तर दिव्याच्या बटणाला, चालूही आणि बंदही, हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन 1906 वर फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. पाइपचा गॅस हलका, तो वर चढतो. घरी पाइपलाइन येणार असेल तर सिलिंडरवरची शेगडी तशीच जोडू नका. जेट वेगळे लागतात, ते गॅस कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या.