भीतीवर उपचार : कोळ्याला सामोरं जायचं की छातीतल्या धडधडीला?

कोळी, पाल, कुत्रा, लिफ्ट... भीती एका ठरावीक गोष्टीची असेल, तर त्याच गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं, ही माझ्या मते पहिली पसंती. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये मांडलेली पद्धत तर जास्तीत जास्त ३ तासांच्या एकाच बैठकीची आहे.

दुसरा मार्ग शरीराच्या संवेदनांचा. पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका येणाऱ्याला गर्दीपेक्षा स्वतःची धडधडच जास्त घाबरवते: ‘हा हार्ट अटॅकच!’ अशांना थेरपिस्ट मुद्दाम जागच्या जागी धावायला लावतात, खुर्चीत गरगर फिरवतात, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतात. छाती धडधडते, डोकं गरगरतं आणि थोड्या वेळाने सगळं आपसूक निवतं. ‘काही होत नाही गं’ हे शंभरदा ऐकून जे पटत नाही, ते इथे पटतं. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचाराच.

तरी दोन्ही वाटा तुटक नाहीत. सारा गारफिंकल, ह्यूगो क्रिचली आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या ब्रिटिश संशोधनात, हृदय आकुंचन पावताना दाखवलेले भेदरलेले चेहरे लोकांना अधिक तीव्र वाटले. कोळी पाहतानाही ठोक्याचा हात भीतीत असू शकतो, तो असा.

रक्ताची, सुईची भीती निराळीच. तिथे अनेकांचा रक्तदाब घसरून भोवळ येते, म्हणून अंग सैल सोडणं उलट अंगाशी येतं. हात, पाय, पोट १०-१५ सेकंद घट्ट आवळायचं, चेहऱ्याला ऊब जाणवली की सोडायचं आणि पुन्हा आवळायचं.