ब्लॉकवालं रोबोट किट: दिवाळीपर्यंत वापरून झाल्यावर

परवा किटवाल्यांच्या कस्टमर केअरशी चांगलंच वाजलं, म्हणून लिहायला बसलेय. आर्डुइनो ऊनो (रोबोटचा मेंदू असलेला छोटा बोर्ड), दोन मोटरी, त्या चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर, जमिनीवरची काळी पट्टी ओळखणारे दोन आयआर सेन्सर. अशी किटं तुम्ही पाहिलेली आहेत. ठाण्यातल्या रोबोटिक्स क्लाससाठी लेकीला पावसाळ्याआधी घेतलं. प्रोग्राम त्यांच्याच ॲपमध्ये रंगीत ब्लॉक जोडून करायचा आणि ॲपचे पैसे दरवर्षी वेगळे.

माझा सगळा राग एका ब्लॉकवर आहे: 'थांबा', म्हणजे पुढच्या ब्लॉकआधी ठरावीक वेळ वाट बघायला लावणारा. काळ्या पट्टीवरून रोबोट मस्त चालायचा. लेकीने वर अर्ध्या अर्ध्या सेकंदाने उघडझाप करणारा एलईडी लावला, की पहिल्याच वळणावर रोबोट थेट सोफ्याखाली! कस्टमर केअरचं एकच पालुपद, "मॅडम, सेन्सर खराब असेल, नवा मागवा." लॅमिंग्टन रोडहून स्वस्तात सेन्सर आणून बसवले, तरी तेच.

शेवटी लेकीने ॲपमध्ये बाजूला दिसणारा तयार कोड वाचला. 'थांबा'च्या जागी सरळ डिले(५००), प्रोग्राम ५०० मिलिसेकंद रोखून धरणारी आज्ञा. म्हणजे अर्धा सेकंद ऊनो सेन्सरकडे बघतच नाही, मोटरी मात्र चालूच. सेकंदाला ३० सेंमी धावणारा रोबोट तेवढ्यात १५ सेंमी आंधळा पळतो. स्क्रॅचमध्ये (ब्लॉक जोडून प्रोग्राम करायची मुलांची भाषा) दोन स्क्रिप्ट, म्हणजे ब्लॉकच्या दोन साखळ्या, शेजारी शेजारी चालतात, एकीतलं थांबणं दुसरीला अडवत नाही. मुलं शाळेतून तेच शिकून येतात आणि इथे ब्लॉक दिसायला अगदी तसाच! हे ॲपमध्ये कुठेही लिहिलेलं नाही, याची मला खरी चीड आहे.

लेकीने फुकटच्या आर्डुइनो आयडीईत (हाताने कोड लिहायचं सॉफ्टवेअर) मिलिस(), म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारी आज्ञा, वापरून लिहिलं: ५०० मिलिसेकंद झाले का एवढंच बघायचं, झाले नसतील तर पुढे जायचं. एलईडीही लुकलुकतो, पट्टीही सुटत नाही.

इथवर लिहून "ब्लॉक घेऊच नका" म्हणणार होते. पण रविवारी शेजारचा पाचवीतला मुलगा आला आणि चहा होईपर्यंत त्याने रोबोट चौकोनात फिरवला. हाताने कोड लिहायला बसवला असता तर तो पहिल्याच सेमीकोलनला रडकुंडीला आला असता. तेव्हा पहिले काही महिने ब्लॉकच हवेत, हे आता मान्य. लेकही अजून आधी ब्लॉक मांडून बघते, मग कोड लिहिते.

ॲपचे पैसे मात्र पुन्हा भरणार नाही. तुम्ही घेणार असाल तर दोन गोष्टी दुकानातच बघा: ब्लॉकमागचा कोड दिसतो का, आणि यूएसबी केबल काढल्यावर रोबोट चालतो का. काही ॲपच्या लाइव्ह मोडमध्ये प्रोग्राम लॅपटॉपवरच चालतो, केबल काढली की रोबोट जागच्या जागी.