डीफ्रॅगचा लाल-निळा नकाशा: पैसे भरून वापरल्यानंतरचा अनुभव

बँकेचा मेसेज आला: वार्षिक नूतनीकरणाची रक्कम उद्या तुमच्या कार्डावरून वळती होईल. असा मेसेज किमान २४ तास आधी पाठवणं रिझर्व्ह बँकेनं २०२१ पासून सक्तीचं केलंय, म्हणून कळलं तरी. मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, तिथल्या तिथे रद्द केला आणि लिहायला बसलो. सॉफ्टवेअर डीफ्रॅगचं, म्हणजे डिस्कवर तुकड्यांत विखुरलेल्या फायली सलग जोडणारं. कंपनीचं नाव घेत नाही.

मशीन डीटीपीच्या, म्हणजे छपाईची मांडणी करून देणाऱ्या दुकानातलं आहे. विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबीची ७२०० आरपीएम (मिनिटाला ७२०० फेरे) हार्डडिस्क, आणि तीही गळ्यापर्यंत भरलेली. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि 'भावी नगरसेवक' मंडळींच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. त्यातले निम्मे अजून भावीच आहेत, पण फाइल डिलीट करायची म्हटलं की नेमका त्यांचाच फोन येतो.

आधी कौतुक. या सॉफ्टवेअरचा जीव त्याच्या नकाशात आहे, डिस्कवर काय कुठे आहे ते रंगीत चौकोनांत दाखवणाऱ्या. विंडोज एक्सपीच्या काळातला आठवत असेल तुम्हाला: लाल म्हणजे तुकडे झालेल्या फायली, निळ्या सलग, हिरव्या न हलणाऱ्या. मायक्रोसॉफ्टनं पुढच्या विंडोज व्हिस्टात तो काढून टाकला. विंडोज १० मध्ये नुसती टक्केवारी दिसते, बघायला काही नाही. इथे मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून लाल चौकोन निळे होताना बघत बसायचं. मशीनवर काम करणारा पोरगाही बघत बसायचा, तो पगारी वेळेत.

नकाशाच्या मधोमध एक जाड हिरवा पट्टा होता, तो काही केल्या हटेना. पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतो ती, व्हर्च्युअल मेमरीची फाइल) आणि हायबरनेशनची फाइल (मशीन झोपवताना चालू काम साठवणारी). विंडोज चालू असताना त्यांना हात लावता येत नाही. हायबरनेशन बंद केलं, एक फाइल गेली. व्हर्च्युअल मेमरी शून्यावर आणून रीस्टार्ट केलं, डीफ्रॅग मारलं, मग ठरावीक आकाराची पेजफाइल पुन्हा दिली, ती सलग बसली. कामाचा वेग किती वाढला? काडीचाही नाही. पण नकाशा जवळजवळ एकसंध निळा झाला आणि त्या दिवशी जेवण गोड लागलं.

खरा फायदा एकाच ठिकाणी दिसला, आउटलुकमध्ये. गिऱ्हाइकांचे मेल साठवणारी पीएसटी फाइल रोज थोडी थोडी वाढते, आणि भरलेल्या डिस्कवर मिळेल त्या बिळात जाऊन बसते. आमची ३,००० च्या वर तुकड्यांत होती. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सरासरी अर्ध्या फेऱ्याचं थांबणं ४ च्या आसपास. त्यात हेड, म्हणजे डिस्क वाचणारं टोक, सरकायचे ८-९ धरा. तुकड्यामागे १२ मिलिसेकंद म्हटलं तरी पूर्ण फाइल वाचताना ३६ सेकंद नुसते हेड नाचवण्यात जातात. ती सलग झाल्यावर मेल शोधण्यातला फरक पोरालाही कळला.

फ्लेक्सच्या फायलींना मात्र काहीच झालं नाही. ५०० एमबीची फाइल २० तुकड्यांत असली तर नुकसान पाव सेकंदाचं. विंडोजचा स्वतःचा डीफ्रॅग ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे जोडायच्या भानगडीतच पडत नाही, ते याच हिशेबानं. पेड सॉफ्टवेअर ते सगळे जोडत बसतं आणि वर 'कामगिरीत वाढ' म्हणून हिरवा बाण दाखवतं.

इथवरचं लिहून ठेवलं होतं, पाचपैकी साडेतीन द्यायचे ठरवले होते. मग दोन गोष्टी घडल्या.

एक तर विंडोजच्या 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'मध्ये डोकावलो. शेवटचं कधी चाललं, तर कधीच नाही. हे काम आपोआप रात्री दोनच्या सुमाराला होतं, नाहीतर मशीन रिकामं बसलेलं असताना. आमच्याकडे रात्री मेन स्विच बंद, आणि दिवसा तुळशीच्या लग्नापासून मशीनला उसंत नाही. म्हणजे पैसे घेणारा जे दुपारी करत होता, ते फुकटचा रात्री करायला तयार होता, त्याला वीजच मिळत नव्हती. मेंटेनन्सची वेळ बदलून दुपारी दीडची केली. जुने फ्लेक्स पेनड्राइव्हवर हलवले. पुरेशी जागा मोकळी नसेल तर डीफ्रॅगला तुकडे नीट हलवता येत नाहीत, तो पैशाचा असो की फुकटचा.

दुसरं जास्त लागलं. विंडोजसाठी छोटी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, बसवली. माझ्या लाडक्या सॉफ्टवेअरनं तिचाही नकाशा काढला, त्यात लाल चौकोन आणि खाली 'तातडीनं डीफ्रॅग करा'. एसएसडीत हेडही नाही आणि फिरणारी तबकडीही नाही. शिवाय कुठला डेटा कुठल्या चिपमध्ये ठेवायचा ते तिचा कंट्रोलर ठरवतो आणि झीज सारखी व्हावी म्हणून जागा बदलत राहतो. त्या चौकोनांचा आतल्या जागेशी संबंधच नसतो. सगळी हलवाहलव म्हणजे वायफळ राइट्स (डेटा लिहिण्याच्या खेपा), आणि एसएसडीचं आयुष्य मोजतात ते राइट्समध्येच. विंडोजला हे कळतं, तो एसएसडीला बहुतेक वेळा फक्त ट्रिम पाठवतो, म्हणजे कुठली जागा आता वापरात नाही ते कळवतो.

सपोर्टला हेच विचारलं. उत्तर आलं की त्यांचा रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही साफ करणारं सॉफ्टवेअर) घेतलात तर दोन्हींवर सवलत मिळेल. एसएसडीबद्दल पुन्हा विचारलं, तर चॅट बंद. उरलेल्या मुदतीचे पैसे मागितले त्याला उत्तर नाही. दोन वर्षांच्या नूतनीकरणात ती एसएसडी निघाली असती, हे गणित तेवढं पोरानं मला तोंडी करून दाखवलं.

पाचपैकी दीड, त्यातला एक नकाशाचा. तुमच्याकडे हार्डडिस्कच असेल आणि एखादीच फाइल छळत असेल, तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या साधनांच्या संचातलं काँटिग फुकट आहे, ते तेवढी एक फाइल सलग करतं. दिसायला काळी खिडकी, नकाशा वगैरे काही नाही. आणि पेड काढून टाकणार असाल तर अनइन्स्टॉलवर थांबू नका. टास्क शेड्युलरमध्ये (विंडोज ठरलेल्या वेळी कामं चालवतो ती यादी) आमच्याकडे त्यांची दोन कामं मागे राहिली होती. एक रोज सकाळी दुकान उघडताना 'तुमचा संगणक धोक्यात' म्हणायचं. दोन्ही हातानं काढावी लागली.